गुप्ततेचा खरा पहारेकरी: एक अवरक्त फोटॉन टिपण्याचा दोनशे वर्षांचा इतिहास

१/२२
मित्रहो, क्वांटम संदेशवहनाचा इतिहास सांगताना आपण भारतीय अभिमानाने बंगळूरपासून आरंभ करतो, आणि त्यात वावगे काही नाही. डिसेंबर १९८४ मध्ये त्या नगरात संगणक, प्रणाली आणि संकेतप्रक्रिया या विषयांवरील आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिच्या इतिवृत्तात आयबीएमचे चार्ल्स बेनेट आणि मॉन्ट्रियल विद्यापीठाचे जिल ब्रासार यांचा अवघा पाच पानांचा एक निबंध छापला गेला. आज ज्याला 'बीबी८४' म्हणतात ती पद्धत हीच. प्रश्न असा की ही पाच पाने वाचली म्हणजे इतिहास वाचून झाला का? माझे उत्तर 'नाही' असे आहे. का, ते या धाग्यात मांडतो.

२/२२
आधी मूळ कल्पना. दोन व्यक्तींना एक गुप्त किल्ली हवी आहे. किल्ली म्हणजे शून्य आणि एक यांची अशी यादृच्छिक मालिका, जिच्या आधारे पुढचा संदेश कुलूपबंद करता येईल. पाठवणारा प्रत्येक अंक एकेका फोटॉनवर, म्हणजे प्रकाशाच्या एकेका कणावर, लादतो. फोटॉनचे ध्रुवण चारपैकी एका दिशेत ठेवले जाते. मध्ये कुणी चोरून तो फोटॉन मोजला, तर मोजण्याच्या क्रियेनेच त्याची अवस्था बिघडू शकते. पुरेशा संख्येने फोटॉन पाठवले की या बिघाडाचे प्रमाण उघड होते, आणि चोर पकडला जातो. एकट्या फोटॉनची हुबेहूब नक्कल करणे निसर्गनियमानेच अशक्य आहे. म्हणून ही गुप्तता गणिताच्या अवघडपणावर उभी नसून निसर्गनियमावर उभी आहे, असे म्हटले जाते.

३/२२
हे विधान कागदावर निर्दोष आहे. मात्र त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. पलीकडच्या टोकाला कुणीतरी तो एकटा फोटॉन टिपला पाहिजे आणि 'आला' असे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. हे काम करणारे यंत्र म्हणजे डिटेक्टर. माझे मत असे आहे की क्वांटम संदेशवहनाचा खरा इतिहास हा डिटेक्टरचा इतिहास आहे. या विद्येची गती, तिचा पल्ला, तिची फजिती आणि तिची विश्वासार्हता ही सारी या एका यंत्राने ठरवली. सिद्धान्तकारांची नावे पाठ करणाऱ्या आपल्या पिढीने या यंत्राकडे पाठ फिरवली आहे. ही चूक केवळ इतिहासलेखनाची नाही, धोरणाचीही आहे.

४/२२
प्रथम, अवरक्त प्रकाशच का? १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये काम करणाऱ्या चार्ल्स काव यांनी जॉर्ज हॉकहॅम यांच्यासह दाखवले की काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्या तंतूतून प्रकाश दूरवर नेता येईल. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी किलोमीटरला २० डेसिबेलपेक्षा कमी घट असलेला काचतंतू बनवला. १९७९ मध्ये जपानमध्ये ही घट किलोमीटरला ०.२ डेसिबेलवर आली, ती १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास. ही तरंगलांबी डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त भागात येते. काचेला तिथेच प्रकाश सर्वांत कमी अडतो, म्हणून जगभरच्या केबल याच अदृश्य प्रकाशावर चालतात. क्वांटम संदेश त्याच तंतूंतून न्यायचा, तर फोटॉनही अवरक्तच हवा.

५/२२
इथेच पेच आहे. प्रकाशाची तरंगलांबी जितकी जास्त, तितकी त्याच्या एका कणातील ऊर्जा कमी. हिरव्या प्रकाशाच्या फोटॉनमध्ये सुमारे २.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते. १५५० नॅनोमीटरच्या फोटॉनमध्ये ती केवळ ०.८ उरते. साध्या मापात सांगायचे तर या अवरक्त प्रकाशाचा एक वॉटचा झोत म्हणजे दर सेकंदाला सुमारे ७८ वर १७ शून्ये इतके फोटॉन. त्यांतला नेमका एक टिपायचा आहे. एवढ्या क्षीण धक्क्याने हलेल असा पदार्थ निवडला, तर तो स्वतःच्या उष्णतेनेही हलतो, आणि फोटॉन आलेला नसतानाही 'आला, आला' अशी हाकाटी करतो.

६/२२
या अदृश्य प्रकाशाची पहिली चाहूल १८०० साली लागली. युरेनस ग्रह शोधणारे विल्यम हर्शेल सूर्यप्रकाशाचा वर्णपट पसरवून कोणत्या रंगात किती उष्णता आहे हे तापमापकाने मोजत होते. तांबड्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते तिथेही, पारा चढला. अवरक्त किरणांचा हा पहिला डिटेक्टर: काचेच्या नळीतला पारा. तो हलण्यासाठी अगणित फोटॉन लागत असत. 'फोटॉन' हा शब्दही तेव्हा अस्तित्वात नव्हता. तरीही पुढच्या दोनशे वर्षांचा प्रश्न त्याच दिवशी मांडला गेला: जे दिसत नाही ते मोजायचे कसे?

७/२२
पुढचे शतक या प्रश्नाने झपाटलेले होते. इटलीत नोबिली आणि मेलोनी यांनी दोन धातूंच्या सांध्यांतून उष्णतेचे विजेत रूपांतर करणारी थर्मोपाइल बनवली, आणि उष्णतेचे किरणही प्रकाशासारखेच वागतात हे मेलोनींनी दाखवले. अमेरिकेत सॅम्युअल लँग्ली यांनी १८८० च्या सुमारास बोलोमीटर तयार केला. धातूची काळवंडलेली अतिशय पातळ पट्टी किरणांनी किंचित तापली की तिचा विद्युतरोध बदलतो, आणि अंशाच्या एक लाखांशाइतका फरकही कळू शकतो. मित्रहो, 'पातळ पट्टी, उष्णता, बदलता विद्युतरोध' ही त्रयी ध्यानात ठेवा. ती एकविसाव्या शतकात पुन्हा भेटणार आहे.

८/२२
आता १९०० सालच्या बर्लिनकडे वळू. तिथे तापलेल्या पदार्थांतून बाहेर पडणाऱ्या अवरक्त किरणांची मोजमापे अत्यंत बारकाईने चालली होती. हाइनरिख रूबेन्स आणि फर्डिनांड कुर्लबाउम यांच्या आकड्यांनी त्या वेळचे मान्य सूत्र दीर्घ तरंगलांबीला चुकते हे दाखवले. ७ ऑक्टोबरच्या रविवारी रूबेन्स माक्स प्लांक यांच्या घरी गेले आणि ही वार्ता त्यांच्या कानी घातली. त्याच संध्याकाळी प्लांक यांनी नवे सूत्र जुळवले. १९ ऑक्टोबरला ते मांडले, आणि १४ डिसेंबरला त्याची उपपत्ती सांगताना ऊर्जेच्या ठरावीक पुड्या मानल्या. क्वांटमचा जन्म तो हाच.

९/२२
या घटनेचा अर्थ आपण नीट लावत नाही. प्लांक यांचे नाव प्रत्येकाला ठाऊक आहे, रूबेन्स यांचे फार थोड्यांना. वास्तविक अवरक्त किरण मोजणारी यंत्रे तेवढी तरबेज नसती, तर जुने सूत्र चुकते हे कळलेच नसते. क्वांटम ही कल्पना अवरक्त डिटेक्टरच्या पोटी जन्मली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. पुढे १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी प्रकाश स्वतःच कणांचा बनलेला मानला. १९२६ मध्ये गिल्बर्ट लुईस यांच्यामुळे 'फोटॉन' हे नाव रूढ झाले. मात्र ज्या अवरक्ताने ही कल्पना दिली, त्याचाच एकेक कण सहजी टिपायला माणसाला आणखी सुमारे शंभर वर्षे लागली.

१०/२२
त्याच सुमारास कोलकात्यात जगदीशचंद्र बोस एका वेगळ्या दिशेने जात होते. गॅलेना, म्हणजे शिशाचे नैसर्गिक सल्फाइड, या स्फटिकाच्या टोकदार स्पर्शाने विद्युतचुंबकीय लहरी टिपता येतात हे त्यांनी दाखवले. ३० सप्टेंबर १९०१ रोजी अमेरिकेत दाखल केलेल्या त्यांच्या अर्जावर २९ मार्च १९०४ रोजी पेटंट मिळाले. अर्धवाहक स्फटिकाच्या डिटेक्टरचा हा आरंभ होय. ट्रान्झिस्टरचे एक जनक वॉल्टर ब्रॅटन यांनीही अशा स्फटिकाने रेडिओलहरी टिपण्याचे श्रेय बोस यांना दिले. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीने अवरक्त किरण टिपण्यासाठी जो पदार्थ वापरला, तोही शिशाचे सल्फाइडच. बीज इथे पडले, पीक अन्यत्र निघाले.

११/२२
एकेक फोटॉन टिपण्याचे पहिले व्यवहार्य साधन १९३० च्या दशकात आले: फोटोमल्टिप्लायर नळी. फोटॉनने धातूच्या थरातून एक इलेक्ट्रॉन उडवायचा, विजेच्या ओढीने तो पुढच्या पट्टीवर आपटवून त्याचे अनेक करायचे, आणि असे टप्प्याटप्प्याने लाखो इलेक्ट्रॉन करून मोजता येईल असा स्पंद मिळवायचा. दृश्य प्रकाशासाठी ही नळी उत्कृष्ट होती. अवरक्त फोटॉनपाशी मात्र पहिला इलेक्ट्रॉन उडवण्याइतकेच बळ नसते. दार ठोठावणाऱ्याच्या मुठीत जोर नसेल, तर आतला वाडा कितीही जागता असला तरी काय उपयोग?

१२/२२
म्हणून बेनेट आणि ब्रासार यांनी आपली कल्पना प्रथम प्रत्यक्षात आणली ती हिरव्या प्रकाशावर. १९८९ मध्ये आयबीएमच्या न्यूयॉर्कजवळील प्रयोगशाळेत त्यांनी सहकाऱ्यांसह सुमारे ३२ सेंटिमीटर अंतरावर गुप्त किल्ली पोहोचवली. टिपायला फोटोमल्टिप्लायर नळ्या होत्या. या प्रयोगाची एक गंमत ब्रासार यांनीच पुढे सांगितली. फोटॉनचे ध्रुवण बदलणाऱ्या उपकरणांच्या वीजपुरवठ्याचा आवाज प्रत्येक दिशेसाठी वेगळा येत असे, म्हणजे नुसते कान देऊनही किल्ली कळली असती. बहिऱ्या चोरापासून मात्र ते यंत्र पूर्ण सुरक्षित होते! या विनोदात पुढच्या दोन दशकांची नांदी होती. नियम अभंग होता, यंत्र बोलके होते.

१३/२२
काचतंतूंवर यायचे तर अर्धवाहकाचा आश्रय घ्यावा लागला. कॅनडात रॉबर्ट मॅकिन्टायर यांनी अ‍ॅव्हलांच फोटोडायोडचा सिद्धान्त विकसित केला, तर इटलीत मिलान येथे सेर्जिओ कोवा यांनी त्याला एकेक फोटॉन मोजण्याजोगे करणाऱ्या विद्युतमंडलांवर आयुष्य वेचले. तत्त्व असे: डायोडवर सहनशक्तीपेक्षा किंचित अधिक दाब ठेवायचा. एका फोटॉनने एक इलेक्ट्रॉन मोकळा केला की हिमस्खलनासारखा लोंढा सुटतो. लोंढा वेळीच थांबवून डायोड पुन्हा सज्ज करायचा. सिलिकॉनचे असे डायोड फार उत्तम ठरले. मात्र सिलिकॉनची मर्यादा सुमारे ११०० नॅनोमीटर, त्यापलीकडचा प्रकाश त्यातून आरपार जातो. तिथे जर्मेनियम किंवा इंडियम-गॅलियम-आर्सेनाइड हवे.

१४/२२
१९९५ मध्ये जिनिव्हाच्या निकोला जिझाँ यांच्या गटाने सरोवराच्या तळाशी टाकलेल्या दूरसंचार खात्याच्या नेहमीच्या केबलमधून, जिनिव्हा ते न्यों असा २३ किलोमीटर, १३०० नॅनोमीटरच्या फोटॉनवर प्रयोग यशस्वी केला. प्रयोगशाळेतल्या टेबलावरची कल्पना खऱ्या जगात उतरली. पुढे ऑक्टोबर २००७ मध्ये जिनिव्हा प्रांताच्या निवडणुकीत मतमोजणीची माहिती पाठवताना हे तंत्र वापरले गेले. वृत्तपत्रांनी निसर्गनियमाचे गुणगान केले. त्या शीतपेटीत बसून फोटॉन मोजणाऱ्या डायोडविषयी कुणी लिहिले नाही.

१५/२२
वस्तुतः सारी मर्यादा त्या डायोडचीच होती. त्या काळचे अवरक्त डायोड दहा फोटॉन आले तर एक-दोन टिपत. एकदा लोंढा उसळला की स्फटिकात अडकलेले इलेक्ट्रॉन मागाहून सुटून खोटी नोंद करत, म्हणून मध्ये विश्रांती द्यावी लागे. आता अंतराचे गणित पाहा. ०.२ डेसिबेलच्या तंतूत ५० किलोमीटरवर दहातला एक फोटॉन उरतो, १०० किलोमीटरवर शंभरातला एक. दर सेकंदाला एक अब्ज फोटॉन पाठवले तरी ५०० किलोमीटरवर दहा सेकंदांत एक पोहोचतो, आणि १,००० किलोमीटरवर एकासाठी ३,००० हून अधिक वर्षे थांबावे लागेल. अशा दुष्काळात खोट्या नोंदींची संख्या खऱ्यांहून वाढली की किल्ली संपली. पल्ला प्रकाश ठरवत नाही, पहारेकऱ्याची खोटी हाक ठरवते.

१६/२२
तोडगा आला तो फार जुन्या शोधांतून. १९०८ मध्ये नेदरलँड्सच्या लायडेन येथे हाइक कामेर्लिंग ओनेस यांनी हेलियम द्रवरूप केला, आणि १९११ मध्ये त्या थंडीत पाऱ्याचा विद्युतरोध अकस्मात नाहीसा झालेला पाहिला. ही अतिसंवाहकता. नव्वद वर्षांनी, २००१ मध्ये, मॉस्कोच्या ग्रिगोरी गोल्ट्समन यांच्या गटाने अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठाच्या सहकार्याने नायोबियम नायट्राइडची अवघी काही नॅनोमीटर जाडीची अरुंद पट्टी अतिसंवाहक अवस्थेत, जवळजवळ कमाल प्रवाह वाहत असताना, ठेवली. एक फोटॉन पडला की तेवढ्या जागी अतिसंवाहकता मोडते, रोध उत्पन्न होतो, आणि विजेचा स्पंद मिळतो. काही क्षणांत पट्टी थंड होऊन पूर्ववत. लँग्लींची पातळ पट्टी आठवली ना?

१७/२२
या तारेने इतिहास पालटला. २००७ मध्ये जपान आणि अमेरिकेतील संशोधकांनी अशा डिटेक्टरच्या बळावर २०० किलोमीटर काचतंतूवरून किल्ली पोहोचवली. २०१३ मध्ये अमेरिकेत टंगस्टन सिलिसाइडच्या तारेने १५५० नॅनोमीटरचे शंभरपैकी ९३ फोटॉन टिपले, आणि २०२० पर्यंत हा आकडा ९८ वर गेला. २०१८ मध्ये जिनिव्हाने ४२१ किलोमीटर गाठले. २०२३ मध्ये चीनने १,००२ किलोमीटर पार केले. त्यात दोन्ही टोकांचे प्रकाश मध्यावर भेटवण्याची नवी पद्धत होती, म्हणजे प्रत्येकाला निम्मेच अंतर तोडायचे होते. तरीही एवढ्या दुष्काळात खरी नोंद ओळखणाऱ्या अतिसंवाहक तारांवाचून ते शक्य नव्हते. सिद्धान्त १९८४ चा, पल्ला २००१ नंतरचा. मधली वर्षे यंत्राची वाट पाहण्यात गेली.

१८/२२
आता या कथेतील सर्वांत बोचरा प्रसंग. २०१० मध्ये नॉर्वेतील ट्रोंधेइम आणि जर्मनीतील एर्लांगेन येथील संशोधकांनी, ज्यांत वादिम माकारोव हे प्रमुख होते, बाजारात विकल्या जाणाऱ्या दोन क्वांटम यंत्रांना आंधळे करून दाखवले. डायोडवर सतत प्रखर प्रकाश सोडला की तो एकेक फोटॉन ओळखण्याची अवस्था सोडतो आणि साध्या प्रकाशमापकासारखा वागू लागतो. मग चोर त्याला हवा तेव्हा, हवा तो अंक 'मोजायला' लावतो. बिघाडाचे प्रमाण वाढत नाही, म्हणून संशयही येत नाही. २०११ मध्ये सिंगापूर येथे २९० मीटर तंतूवर संपूर्ण किल्ली अशी चोरून दाखवली गेली. कुंपणच शेत खाऊ लागले होते. निसर्गनियमाला ओरखडाही उमटला नव्हता.

१९/२२
इथे मला हिरकणीची आख्यायिका आठवते. रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळाच्या ओढीने ती गवळण अंधारात कडा उतरली. गड अभेद्य आहे हा समज तिने मोडला. कथा सांगते की महाराजांनी तिला दंड केला नाही, तिचा सन्मान केला, आणि त्या वाटेवर बुरूज बांधला. माकारोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच केले. निष्कर्ष छापण्यापूर्वी त्यांनी उत्पादकांना कळवले होते. २०१२ मध्ये टोरांटोचे होइ-क्वाँग लो आणि सहकाऱ्यांनी असा उपाय मांडला की डिटेक्टर शत्रूच्या हाती असला तरी किल्ली सुरक्षित राहील. दोन्ही टोकांनी फोटॉन पाठवायचे, मध्यस्थाने ते एकत्र मोजायचे, आणि मध्यस्थावर विश्वासच ठेवायचा नाही. बुरूज बांधला गेला तो कडा उतरून दाखवल्यामुळे.

२०/२२
यावर दोन आक्षेप येतात. पहिला: ही केवळ अभियांत्रिकीतली उणीव, सिद्धान्त तर शाबूत आहे. मान्य. मात्र गुप्तता सिद्धान्ताला नको असते, माणसांना हवी असते, आणि माणसांच्या हाती यंत्र येते, सिद्धान्त नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अमेरिकेची राष्ट्रीय सुरक्षा संस्था आपल्या देशाच्या संरक्षण यंत्रणांना या तंत्राची शिफारस करत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथे क्वांटम संगणकालाही अवघड जातील अशा गणिती पद्धतींची प्रमाणके जाहीर झाली, आणि त्यांना नवी केबल लागत नाही. मला हा आक्षेप बराचसा पटतो. तरीही गणिताचा अवघडपणा सिद्ध करता येत नाही, केवळ अनुभवाने मानता येतो. दोन कुलुपे असणे शहाणपणाचे. मात्र दुसरे कुलूप स्वतः पारखता यायला हवे.

२१/२२
आता आपल्याकडे पाहू. मार्च २०२१ मध्ये इस्रोने अहमदाबादेत ३०० मीटर मोकळ्या हवेतून, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये डीआरडीओ व दिल्ली आयआयटी यांनी प्रयागराज ते विंध्याचल अशा १०० किलोमीटरहून अधिक काचतंतूवरून हे तंत्र करून दाखवले. एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानास मंजुरी मिळाली. त्यात २,००० किलोमीटरचे उद्दिष्ट आहे, आणि एकेक फोटॉनचे डिटेक्टर घडवण्याचाही स्पष्ट उल्लेख आहे. मोजमाप आणि संवेदन या विषयांचे केंद्र मुंबईच्या आयआयटीत आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तर नायोबियम नायट्राइडच्या पातळ थरांचा अभ्यास वर्षानुवर्षे झाला आहे. मॉस्कोतील ती तार याच पदार्थाची होती. ज्ञान दारात आहे.

२२/२२
म्हणून माझी धारणा अशी: अभियानाचे यश किलोमीटरांत मोजू नये. पुढची बातमी वाचाल तेव्हा चार प्रश्न विचारा. डिटेक्टर कुणी बनवला? शंभरातले किती फोटॉन तो टिपतो? अंधारात किती खोट्या नोंदी करतो? आणि त्याला आंधळा करून पाहण्याची मोकळीक कुणाला दिली होती का? परक्या डिटेक्टरवर उभी केलेली स्वदेशी गुप्तता म्हणजे भाड्याच्या पहारेकऱ्याच्या हाती दिलेली तिजोरीची किल्ली. बोस यांच्या स्फटिकाचे पीक अन्यत्र निघाले, ती चूक शंभर वर्षांनी पुन्हा करण्याचे कारण नाही. हर्शेल यांच्या पाऱ्यापासून गोल्ट्समन यांच्या तारेपर्यंतचा इतिहास सांगतो की जो सूक्ष्म मोजतो, तोच पुढचा सिद्धान्तही जन्माला घालतो. तुम्हांपैकी जे विज्ञानाकडे वळणार आहेत, त्यांच्यातून प्लांक निपजोत. पण एखादा रूबेन्सही निपजो, ही इच्छा. आपले मत, विशेषतः विरोधी मत, अवश्य कळवा. धागा समाप्त.